फोटोभोवती मजकूर नीट वाहण्यासाठी: वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये न बिघडणारं पान कसं बांधावं

सोसायटीचं, वाचनालयाचं नाहीतर एखाद्या क्लासचं संकेतस्थळ पहिल्यांदा हाती घेणाऱ्याला तक्रारीचा पहिला फोन बहुतेक फोटोबद्दलच येतो. "अरे, माझ्या फोनवर फोटो एकीकडे आणि त्याखालचं नाव भलतीकडेच गेलंय," असं घोडबंदर रोडवरच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका सांगतात. तुमच्या लॅपटॉपवर मात्र सगळं जागच्या जागी असतं. मग साहजिकच दोष ब्राउझरच्या माथी जातो.

क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी हे तिघेही आज फ्लोटचे (फोटो बाजूला सरकवून मजकूर कडेने वाहू देण्याच्या सोयीचे) मूळ नियम जवळजवळ सारखेच पाळतात. फरक पडतो तो आपण सांगायचं राहून गेलेल्या गोष्टींमुळे: पान कोणत्या मोडमध्ये उघडतंय, देवनागरी फॉन्ट कोणता लागतोय, पडदा किती रुंद आहे. शिवाय एक-दोन जागा अशा आहेत की तिथे खुद्द सीएसएसच्या (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या भाषेच्या) नियमावलीनेच ब्राउझरला मोकळीक दिली आहे. या जागा ओळखायला शिकलात की पान एकदाच नीट बांधता येतं.

उदाहरणासाठी ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंची माहिती देणारं पान घेऊ. डावीकडे पक्ष्याचा फोटो, खाली ओळ, शेजारून वाहणारा मजकूर, पुढे पक्ष्यांची यादी आणि ऐरोलीहून निघणाऱ्या बोटफेरीच्या वेळांचा तक्ता. टॅग (पानाचे भाग दाखवणाऱ्या खुणा) आणि प्रॉपर्टी (ते भाग कसे दिसावेत याच्या सूचना) यांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो आहे; फाइलमध्ये ती अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायची.

आधी पानाचा पाया

फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत डॉकटाइप एचटीएमएल ही घोषणा हवी. ती नसेल तर ब्राउझर पान क्वर्क्स मोडमध्ये उघडतो, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या पानांसाठी जपून ठेवलेल्या जुन्या सवयींनी. फोटोखालची मोकळी जागा, तक्त्यातली अक्षरं, टक्क्यांत दिलेली उंची, सगळ्याचा हिशोब तिथे थोडा थोडा बदलतो. बऱ्याच जणांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की डॉकटाइपच्या आधी एक शब्द जरी छापला गेला, तरी पान क्वर्क्स मोडमध्ये जातं. पीएचपीच्या (सर्व्हरवर पान तयार करणाऱ्या भाषेच्या) पानावर वरच्या टोकाला एखादी वॉर्निंग उमटली की नेमकं हेच होतं, आणि आपण तास न् तास स्टाइलशीट, म्हणजे सीएसएसची फाइल, चाळत बसतो.

तपासायला सोपं आहे. ब्राउझरचा कन्सोल (डेव्हलपर टूल्समधली आज्ञा टाइप करायची जागा) उघडा आणि डॉक्युमेंट डॉट कॉम्पॅटमोड टाइप करा. उत्तर सीएसएस1कॉम्पॅट आलं तर ठीक. बॅककॉम्पॅट आलं तर बाकी काहीही करण्याआधी ते दुरुस्त करा.

दुसरी ओळ व्ह्यूपोर्टची, म्हणजे पानाची रुंदी पडद्याइतकीच धरायला सांगणारी. ती नसेल तर फोन पान साधारण 980 पिक्सेल रुंद आहे असं धरून चालतो आणि सगळं बारीक करून दाखवतो. मग तुम्ही मोबाइलसाठी केलेली कुठलीच सोय लागू होत नाही. तिसरी गोष्ट, एचटीएमएल टॅगवर भाषा एमआर अशी लिहा. मराठी ल आणि श यांची आपली वळणं काही फॉन्टमध्ये भाषा सांगितली तरच मिळतात. वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही त्याचा उपयोग होतो.

जुनी पद्धत का सोडायची

नेटवर सापडणारे जुने धडे इमेज टॅगमध्येच अलाइन लेफ्ट लिहायला सांगतात. ही सोय नेटस्केपने आणली आणि 1997 च्या एचटीएमएल 3.2 मध्ये ती अधिकृत झाली. त्याआधी, डिसेंबर 1996 मध्ये आलेल्या सीएसएसच्या पहिल्या आवृत्तीत फ्लोट आणि क्लिअर (फ्लोटच्या शेजारी न बसता त्याच्या खाली जायला सांगणारी) या दोन्ही प्रॉपर्टी होत्याच; पण ब्राउझरनी त्या नीट अमलात आणायला बरीच वर्षं घेतली. आता अलाइन ही रीत एचटीएमएलमधून बाद झाली आहे. जुनी पानं कोसळू नयेत म्हणून ब्राउझर ती अजून चालवून घेतात, एवढंच.

त्यात नवशिक्यांना सर्वांत जास्त फसवतं ते इमेजवरचं अलाइन सेंटर. वाटतं की फोटो पानाच्या मध्यभागी येईल. प्रत्यक्षात ब्राउझर फोटोचा उभा मध्यबिंदू ओळीच्या बेसलाइनवर (अक्षरं जिच्यावर टेकतात त्या अदृश्य रेषेवर) आणून ठेवतो आणि फोटो आडवा जिथे होता तिथेच राहतो. फोटो खरोखर मधोमध हवा असेल तर त्याला डिस्प्ले ब्लॉक द्या आणि डावं-उजवं मार्जिन ऑटो ठेवा. तिन्ही ब्राउझरमध्ये हे बिनतक्रार चालतं.

जुन्या धड्यांत इंटरनेट एक्सप्लोरर 6 साठीचे उपायही दिसतील: फ्लोट केलेल्या डब्याला (डबा म्हणजे पानावरच्या कुठल्याही घटकाचा चौकोन) डिस्प्ले इनलाइन द्या, झूम 1 लिहा वगैरे. त्या ब्राउझरमध्ये फ्लोटच्या बाजूचं मार्जिन दुप्पट होण्याचा दोष होता, म्हणून हे करावं लागे. जून 2022 मध्ये एक्सप्लोरर 11 लाही मायक्रोसॉफ्टने निरोप दिला. हे उपाय डोळे झाकून गाळा.

फोटो बसवताना

फ्लोटचं काम एकच आहे: फोटो बाजूला सरकवायचा आणि मजकुराला त्याच्या कडेने वाहू द्यायचं. गॅलरीतले फोटो रांगेत लावायला किंवा पानाचे रकाने पाडायला फ्लोट वापरू नका, त्यासाठी सीएसएसमध्ये ग्रिड आणि फ्लेक्स या मांडणीच्या पद्धती आहेत. फ्लोटने गॅलरी लावली की एक फोटो जरा उंच निघाला तरी पुढच्या रांगेतला फोटो त्याच्या कडेला अडकून पडतो. रांगेत खिंडार दिसतं ते त्यामुळेच.

आता आपला फ्लेमिंगो. फोटो आणि त्याखालची ओळ एकत्र ठेवण्यासाठी फिगर टॅग वापरा आणि तो ज्या परिच्छेदाशेजारी हवा, त्या परिच्छेदाच्या आधी लिहा. परिच्छेदाच्या आत फिगर घातला तर ब्राउझर परिच्छेद तिथेच बंद करतो आणि पुढचा मजकूर उघडा पडतो. फोटो मजकुरानंतर लिहिला तर तो त्या मजकुराच्या वर चढत नाही. "फोटो खाली गेला" ही तक्रार पुष्कळदा एवढ्यानेच मिटते.

फिगरला ब्राउझर स्वतःहून डावी-उजवीकडे 40-40 पिक्सेल मार्जिन देतात. 360 पिक्सेलच्या फोनवर म्हणजे 80 पिक्सेल नुसते वाया. म्हणून मार्जिन स्वतः लिहा: वर शून्य, उजवीकडे सव्वा एम (एम म्हणजे अक्षराच्या आकाराइतकं माप), खाली पाऊण एम, डावीकडे शून्य. फ्लोट लेफ्ट द्या आणि रुंदी नक्की सांगा, समजा 40 टक्के. रुंदी सांगितली नाही आणि फोटोखालची ओळ लांब असली, तर फिगर त्या ओळीइतका फुगतो आणि शेजारी मजकुराला जागाच उरत नाही. सेक्रेटरी काकांची तक्रार बहुधा याच प्रकारातली असते.

आतल्या फोटोला डिस्प्ले ब्लॉक, रुंदी 100 टक्के आणि उंची ऑटो द्या. डिस्प्ले ब्लॉक कशासाठी, हे जरा समजून घेण्यासारखं आहे. इमेज मुळात अक्षरासारखी ओळीत बसते आणि बेसलाइनवर टेकते. बेसलाइनच्या खाली उकारांसाठी, जोडाक्षरांच्या शेपटांसाठी जागा राखलेली असते. ती जागा फोटोखाली रिकामी पट्टी म्हणून दिसते, आणि चौकटीला रंगीत पार्श्वभूमी असेल तर फारच खुपते. ही पट्टी फॉन्टनुसार कमी-जास्त होते, त्यामुळे विंडोजवर एक आणि आयफोनवर दुसरी दिसते. डिस्प्ले ब्लॉक दिलं की प्रश्न संपतो.

इमेज टॅगमध्ये विड्थ आणि हाइट हे आकडे मात्र लिहायचेच. 2019-20 पासून ब्राउझर त्या आकड्यांवरून फोटोचं प्रमाण आधीच काढून जागा राखून ठेवतात. आकडे नसले तर फोटो उतरेपर्यंत मजकूर वर असतो आणि मग अचानक खाली ढकलला जातो. गर्दीच्या लोकलमध्ये रडतखडत चालणाऱ्या नेटवर हे ठळक जाणवतं.

फोनने काढलेला फोटो आडवा पडतो अशीही तक्रार येते. फोन पुष्कळदा फोटो प्रत्यक्षात न फिरवता दिशेची नोंद फक्त फाइलमध्ये ठेवतो. क्रोमने 2020 मध्ये, 81 व्या आवृत्तीपासून, ती नोंद आपोआप मानायला सुरुवात केली आणि फायरफॉक्स, सफारीनेही त्याच वर्षी तेच केलं. जुन्या फोनवर पाहणाऱ्यांसाठी फोटो एडिटरमध्ये फिरवून पुन्हा सेव्ह करणं जास्त खात्रीचं.

देवनागरी मजकुरामुळे पडणारा फरक

इंग्रजी धड्यांत हा भाग सापडत नाही आणि मराठी पानांवर खरा घोटाळा इथेच होतो. तुम्ही फॉन्ट सांगितला नसेल तर विंडोजवर निर्मला यूआय किंवा मंगल, अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी आणि ॲपलच्या उपकरणांवर कोहिनूरसारखा त्यांचा स्वतःचा फॉन्ट लागतो. प्रत्येकाची अक्षरं कमी-जास्त रुंद, ओळीची उंची वेगळी. फोटोशेजारी तुमच्या लॅपटॉपवर अकरा ओळी बसल्या, तर दुसऱ्याच्या फोनवर नऊच बसतात. पुढच्या विभागाचं मथळ्याचं वाक्य एका ठिकाणी फोटोखाली दिसतं, दुसरीकडे फोटोच्या कडेला चिकटतं. दोन्ही ब्राउझर बरोबरच वागत असतात.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. एक, वेबफॉन्ट, म्हणजे पानासोबतच उतरणारा फॉन्ट, लावा. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता मोफत आहे आणि छोट्या आकारातही वाचायला बरा. दोन, ओळीची उंची स्वतः सांगा. मराठीला 1.7 च्या आसपास हवी, नाहीतर वरची वेलांटी आणि वरच्या ओळीचा उकार एकमेकांत घुसतात. एवढी उंची दिली की पहिल्या ओळीच्या डोक्यावर थोडी मोकळी जागा येते आणि फोटोची वरची कड शिरोरेषेच्या जरा वर दिसते. फिगरला वरून पाव-अर्धा एम मार्जिन दिलं की कड शिरोरेषेशी जुळते. हे डोळ्यांनी बघूनच ठरवा.

असाच प्रकार ओळीतल्या छोट्या चिन्हांचा. फोन नंबरच्या आधी फोनचं चिन्ह ठेवून व्हर्टिकल-अलाइन मिडल दिलं की ते किंचित खाली बसल्यासारखं वाटतं. कारण मिडलचा हिशोब बेसलाइन आणि इंग्रजी लहान एक्सच्या निम्म्या उंचीवरून होतो, आणि आपली अक्षरं शिरोरेषेपर्यंत त्याहून उंच असतात. चिन्ह आणि मजकूर एका फ्लेक्स डब्यात ठेवून अलाइन-आयटम्स सेंटर द्या, नाहीतर व्हर्टिकल-अलाइनला एमचा लहानसा आकडा देऊन चिन्ह वर उचला.

फ्लोट कुठे थांबवायचा

फ्लोट केलेला फोटो पानाच्या नेहमीच्या रांगेतून बाहेर पडतो. ज्या डब्यात तो आहे, त्या डब्याला त्याची उंची मोजता येत नाही. डब्यात फक्त फोटोच असेल तर डब्याची उंची शून्य होते, त्याचा रंग गायब होतो आणि चौकट नुसती रेघ होऊन राहते. पूर्वी यासाठी क्लिअरफिक्स नावाची युक्ती असे. आता त्या डब्याला डिस्प्ले फ्लो-रूट द्यायचं. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हे 2017 पासून आहे, सफारीत 2019 पासून, एजमध्ये जानेवारी 2020 पासून. ओव्हरफ्लो हिडननेही काम भागतं. पण डब्याबाहेर जाणारी सावली, कोपऱ्यावरचा बिल्ला असं काही असेल तर ते कापलं जातं. त्यामुळे मी फ्लो-रूटच सुचवेन.

दुसरी सवय, प्रत्येक विभागाच्या मथळ्याला क्लिअर बोथ द्या. मग फॉन्ट कुठलाही असो, मथळा फोटोच्या खालीच येणार. इथे एक काळजी घ्यायची. तुमच्या थीममध्ये (संकेतस्थळाच्या तयार मांडणीत) बाजूची पट्टीही फ्लोटने लावलेली असेल, तर क्लिअर बोथ मथळ्याला त्या संपूर्ण पट्टीच्या खाली ढकलतो आणि मधे हातभर पांढरी जागा उरते. मजकुराच्या मुख्य डब्याला फ्लो-रूट द्या; मग क्लिअरचा परिणाम त्या डब्याच्या आतच राहतो. मथळ्याला दिलेलं वरचं मार्जिन क्लिअरनंतर दिसेनासं झालं तर गोंधळू नका. क्लिअर मथळा खाली ढकलतो तेव्हा ते मार्जिन त्या ढकलण्यातच जिरून जातं. अंतर हवं असेल तर फिगरचं खालचं मार्जिन वाढवा.

यादी आणि तक्ता: खरा मतभेद इथे

आपल्या पानावर फोटोशेजारी पक्ष्यांची यादी येते: मोठा रोहित, लहान रोहित, शेकाट्या, कुदळ्या. फोटो डावीकडे फ्लोट केलेला असेल तर यादीचे ठिपके फोटोवर चढलेले दिसतात. कारण फ्लोटशेजारी फक्त ओळी आखूड होतात. यादीचा डबा फोटोच्या मागून पार डाव्या कडेपर्यंत पसरलेलाच असतो, आणि ठिपके ओळीच्या बाहेर टांगलेले असतात. सीएसएस 2.1 या नियमावलीत तर स्पष्ट लिहिलं आहे की फ्लोटला लागून असलेल्या ठिपक्यांची जागा ठरवून दिलेली नाही. म्हणजे इथे दोन ब्राउझर वेगळे वागले तर दोघांपैकी कोणीच चूक नाही. यादीलाच डिस्प्ले फ्लो-रूट द्या. मग यादीचा अख्खा डबा, ठिपक्यांसकट, फोटोच्या उजवीकडे बसतो.

तक्त्याचंही तसंच. तक्ता फ्लोटच्या अंगावर येऊ शकत नाही. शेजारी जागा असेल तर तिथे, नसेल तर खाली. पण किती जागा म्हणजे पुरेशी, आणि तक्त्याने किती आकसून घ्यावं, हे त्या नियमावलीने ठरवलेलं नाही. म्हणून वेळापत्रकाच्या तक्त्याला मी सरळ क्लिअर बोथ देतो आणि तो पूर्ण रुंदीत ठेवतो. बोटफेरीची वेळ शोधणाऱ्याला तक्ता फोटोच्या कडेला कोंबलेला नकोच असतो.

कधी असं होतं की फ्लोट लिहूनही फोटो जागचा हलत नाही. तेव्हा फोटो ज्या डब्यात आहे तो डबा फ्लेक्स किंवा ग्रिड आहे का ते बघा; त्यांच्या थेट मुलांवर फ्लोटचा काही परिणाम होत नाही. फ्लेक्स डब्यात फोटो उभा ताणलेला दिसत असेल तर त्याला अलाइन-सेल्फ फ्लेक्स-स्टार्ट द्या. वर्डप्रेसवर काम करत असाल तर एडिटर फोटोला अलाइनलेफ्ट, अलाइनराइट, अलाइनसेंटर असे क्लास लावतो. ते क्लास काय करतील हे पुष्कळसं थीमच्या स्टाइलशीटवर ठरतं. थीम बदलली आणि फोटो विस्कटले, तर आधी तिथे पाहा.

फोनवर

360 पिक्सेलच्या पडद्यावर दोन्ही बाजूंना 16-16 पिक्सेल सोडले की 328 उरतात. त्यात 200 पिक्सेलचा फोटो आणि 16 चं मार्जिन गेलं की मजकुराला 112 पिक्सेल. एवढ्यात "अभयारण्यापर्यंतच्या" हा एक शब्दही मावायचा नाही. आपली भाषा विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून लिहिते, त्यामुळे शब्द लांब होतात. न मावणारी ओळ ब्राउझर फोटोच्या खाली नेतो आणि फोटोशेजारी पोकळी उरते. म्हणून 600 पिक्सेलपेक्षा कमी रुंदीला मीडिया क्वेरी (ठरावीक रुंदीलाच लागू होणारा नियम) लिहून फ्लोट नन आणि रुंदी 100 टक्के करा. अरुंद जागेत मजकूर दोन्ही कडांना जस्टिफाय करणंही टाळा. शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडं पडतात.

तपासणी

सगळे ब्राउझर उघडून बघायची गरज नाही, इंजिनं तीन आहेत. क्रोम, एज, ऑपेरा आणि सॅमसंगचा ब्राउझर हे ब्लिंकवर चालतात, फायरफॉक्स गेकोवर, सफारी वेबकिटवर. भारतातल्या आयफोनवर क्रोम उघडलं तरी आत वेबकिटच असतं. लॅपटॉपवरच्या क्रोममधलं मोबाइल दृश्य पडद्याची रुंदी वगैरे बदलतं, इंजिन मात्र ब्लिंकच राहतं. आयफोनवर पान कसं दिसेल हे त्यावरून कळत नाही. घरात नाहीतर कमिटीत कोणाकडे तरी आयफोन असतोच, त्यावर पान उघडून पाहा.

बिघाड शोधताना सगळ्या घटकांना तात्पुरती रंगीत आउटलाइन द्या. बॉर्डर देऊ नका, बॉर्डर स्वतःच जागा खाते आणि मांडणी बदलते. कुठला डबा कुठपर्यंत पसरला आहे ते लगेच दिसतं. फायरफॉक्सच्या इन्स्पेक्टरमध्ये लागू न होणारी प्रॉपर्टी फिकट दिसते आणि शेजारच्या खुणेवर माउस नेला की कारणही वाचायला मिळतं. डिस्प्ले ब्लॉक दिलेल्या फोटोवर व्हर्टिकल-अलाइन लिहिलंत तर ते तुम्हाला तिथेच कळेल. दुरुस्ती करूनही कोणाला जुनंच पान दिसत असेल तर कॅश पुसायला सांगा किंवा खासगी विंडोत उघडायला सांगा.

शेवटी अक्षरांचा आकार 200 टक्क्यांवर नेऊन पान वरपासून खालपर्यंत एकदा वाचा. ज्येष्ठ सभासद फोनवर मोठी अक्षरं ठेवतात, आणि रुंदी पिक्सेलमध्ये जखडलेला फोटो त्यांच्याकडे मजकूर चेपतो. तिथे कुठे ओळ अडकलेली दिसली तर मीडिया क्वेरीतली 600 पिक्सेलची मर्यादा 38 एम अशी लिहा. मग अक्षरं वाढवलेल्या फोनवर फ्लोटही आधीच सुटतो.